चुन्याखालची वेल

आपल्याकडील जुन्या वाड्यांविषयी लिहिणाऱ्यांची दृष्टी प्रथम लाकडावर जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण सुरूदार खांब, त्यांच्या माथ्यावरून लोंबणारी केळफुले, नक्षीदार महिरपी आणि दिवाणखान्याची तक्तपोशी ही डोळ्यांत भरणारी, वर्णनास सुलभ आणि दुर्दैवाने विक्रीसही सुलभ अशी संपत्ती आहे. नगर जिल्ह्यापुरतेच बोलायचे तर पारनेर तालुक्यातील पळशीचा वाडा किंवा कोपरगावचा राघोबादादांचा वाडा पाहून परतलेला मनुष्य तेथील लाकडाचे गुणगान कितीतरी वेळ करील. परंतु त्या घरांच्या भिंती कशा होत्या असे त्याला विचारले, तर त्याला फारसे काही सांगता येणार नाही. माझ्या व्यवसायाचा संबंध मात्र या भिंतींशीच आला. जुन्या इमारतीची दुरुस्ती होण्यापूर्वी तिच्या गिलाव्याची पाहणी करावी, चुन्याचे व रंगाचे थर एकामागून एक उलगडून त्यांची नोंद ठेवावी, जे निखळत असेल ते जागच्या जागी धरून ठेवावे, असे या कामाचे स्वरूप. आणि त्यातून एक गोष्ट माझ्या मनावर कायमची ठसली ती ही, की दख्खनेतील जुन्या भिंतीचा पांढरेपणा हा बहुधा तिच्या आयुष्यातील अगदी अलीकडचा भाग असतो.

मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, वाईचा मोतीबाग, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल येथील भित्तिचित्रांविषयी थोडेबहुत लेखन झालेले आहे, आणि पुण्यात १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याबरोबर जे चित्रवैभव भस्मसात झाले त्याची हळहळही आपण अधूनमधून व्यक्त करतो. पण या साऱ्या चर्चेत लक्ष जाते ते दशावतारांकडे, गणपतीकडे, कृष्णलीलांकडे. देवाची मूर्ती असलेली चौकट तेवढी मोलाची आणि तिच्याभोवती धावणारी वेल, कोनाड्याच्या महिरपीवरची फुलपाकळी, जमिनीलगतचा कावेचा पट्टा हे सारे केवळ भरताड, अशी समजूत जाणकारांतही आढळते. ती मला मान्य नाही. देवतांची चित्रे मोठ्यांच्या वाड्यांत होती. वेलबुट्टी मात्र कसब्यातल्या सावकाराच्या सोप्यात होती, कुलकर्ण्याच्या ओसरीवर होती, पाटलाच्या माजघरात होती. सामान्य सुस्थितीतल्या माणसाने आपल्या नजरेसमोर रोज काय असावे म्हणून इच्छिले, याचा पुरावा त्या वेलीइतका दुसऱ्या कशात सापडत नाही.

युरोपात या जातीच्या नक्षीकडे फार निराळ्या आस्थेने पाहिले जाते. तेथे भिंतीला छापील कागद डकविण्याची चाल होती, आणि घरोघरी पिढ्यांमागून पिढ्यांनी जुन्या कागदावर नवा कागद चढविल्यामुळे एखादी फळी निघाली किंवा फडताळ हलविले, की मागे शे-दोनशे वर्षांपूर्वीची फुले उमटलेली दिसतात. इंग्लंडात १७१२ पासून १८३६ पर्यंत अशा कागदावर सरकारी कर होता आणि कर भरल्याचा शिक्का कागदाच्या पाठीवर उमटविला जाई. त्यामुळे सापडलेला तुकडा उलटून पाहताच त्याच्या काळाविषयी काही निश्चित बोलता येते. अमेरिकेत मेरीलँड प्रांतातील थर्मोंट गावी एक जुने घर पाडले जाण्याच्या बेतात असताना त्याच्या भिंतींवरील कागद हलक्या हाताने सोडवून घेण्यात आला आणि १९६१ साली तो थेट व्हाइट हाउसमधील दिवाणखान्यात लावण्यात आला. आल्सेस प्रांतातील झ्यूबर यांच्या कारखान्यात १८३४ च्या सुमारास ठशांनी छापलेली ती उत्तर अमेरिकेची दृश्ये आहेत. याच कारखान्याने १८०७ साली ‘हिंदुस्थान’ या नावाची एक दीर्घ चित्रमालिका काढली होती. थॉमस व विल्यम डॅनिएल या काका-पुतण्यांनी हिंदुस्थानात फिरून काढलेल्या चित्रांवरून त्यातील घाट, मंदिरे आणि दरवाजे घेतले होते. आपल्या देशाचे देखावे फ्रेंच श्रीमंतांच्या भिंतींवर चढत होते त्या काळात आपल्या स्वतःच्या भिंतींवर काय होते, हा प्रश्न मला त्या कागदाची छायाचित्रे पाहताना पडला, आणि तो आजवर सुटलेला नाही.

दख्खनेत कागद टिकणे शक्यच नव्हते. खळीला कसर आणि झुरळे लागणार, कागदाला वाळवी, आणि एका पावसाळ्यात सगळे पापुद्रे सुटून खाली येणार. म्हणून आपल्या कारागिरांनी कागदाचे काम चुन्याकडून करून घेतले. घाणीत मळलेल्या चुन्याचा गिलावा चढवायचा, तो ओला असतानाच घोटून घोटून आरशासारखा गुळगुळीत करायचा, आणि वाळल्यावर डिंकात किंवा सरसात कालविलेल्या रंगांनी त्यावर नक्षी काढायची, ही पद्धत. गेरू, काजळी, हिरवी माती, हरताळ, हिंगूळ आणि नीळ, एवढ्या थोड्या द्रव्यांत सारा संसार.

माझ्या पाहण्यात आलेली अशी एक भिंत राहुरीतील. राहुरी हे मुळेच्या काठी वसलेले तालुक्याचे ठाणे. याच तालुक्यातील ताहराबादच्या कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेल्या महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ सिद्ध केला. याच तालुक्यातून १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग गेला. आणि १९६८ मध्ये येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या भागातील जुनी घरे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची. तुळयांवर किलच, किलचेवर चिखल, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा लेप. हे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पण त्याची पन्हळ एकदा तुंबली की भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत झिरपू लागते. ज्या वाड्याचे हे कथन आहे तेथे असेच झाले होते. तो गावच्या जुन्या भागातील एका वतनदार घराण्याचा. राहते घर असल्यामुळे घराण्याचे नाव येथे देत नाही. दिवाणखान्याच्या भिंतीला ओल येऊन ठिकठिकाणी फुगवटे आले होते, मिस्त्रीने सगळा गिलावा झोडून काढून सिमेंट करण्याचा सल्ला दिला होता, आणि घरातील धाकट्या पिढीतील एका समंजस मुलाने, तसे करण्यापूर्वी कोणाला तरी दाखवावे, म्हणून मला बोलावले होते.

मी भिंतीपाशी उभा राहून बोटांच्या पेरांनी ठोकून पोकळी कोठे आहे ते पाहत होतो, तेव्हा ओसरीवर गहू निवडत बसलेल्या त्या घरच्या वृद्ध आजी म्हणाल्या, “जरा बेतानं हं. खाली फुलं आहेत.” मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिले. “तुम्ही पाहिलीत?” असे विचारले, तर म्हणाल्या, “मी कुठली पाहते! मी या घरात आले तेव्हा भिंत अशीच झाकलेली होती. पण दिवाळीच्या आधी चुना द्यायला माणूस आला, की आमच्या सासूबाई त्याला दर साली सांगायच्या, घासू नको रे बाबा फार, खाली फुलं आहेत म्हणून. त्यांनाही त्यांच्या सासूबाईंनीच सांगितलेलं.” ज्या नक्षीला घरातील कोणाही जिवंत माणसाने पाहिलेले नव्हते, तिचे रक्षण सासवा-सुनांच्या या तोंडी हुकमाने चालू होते, आणि चुना देणाऱ्या माणसांनी तो पाळला होता, हे पुढे भिंतीनेच सिद्ध केले.

आमच्या कामात प्रथम भिंतीच्या एका बाजूला लहानशी पायरी उघडतात, म्हणजे टपाल तिकिटाएवढे चौकोन ओळीने आखून पहिल्या चौकोनात वरचा एक थर, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करीत मूळ गिलाव्यापर्यंत जातात. सर्वांत वर पोपटी ऑइलपेंट होता. त्याच्या खाली गुलाबी डिस्टेंपर आणि त्यावर रबरी रुळाने फिरविलेली रुपेरी फुले. हा रूळ आमच्या लहानपणी गावोगाव रंगारी घेऊन येत आणि एका दुपारात सबंध खोली फुलांनी भरून टाकीत. आजींनी ती फुले लगेच ओळखली. नणंदेच्या लग्नात ती काढविली होती. प्रवरानगरचा साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला आणि त्यानंतर या सबंध पट्ट्यात उसाचा पैसा खेळू लागला, त्या दिवसांची ती खूण. या थराला तुच्छ लेखणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. त्याचाही पुरेसा भाग आम्ही मोजून, रेखाटून ठेवला, आणि एका कोपऱ्यात तो जसाच्या तसा राखला.

त्याच्या खाली नुसता चुना, थरावर थर, काहींत नीळ घातलेली. सूक्ष्मदर्शकाखाली ही नीळ कारखानी अल्ट्रामरीनची ठरली. आणि ते कृत्रिम रीतीने करण्याची कृती फ्रान्समध्ये १८२८ च्या सुमारास गवसली असल्यामुळे हे थर त्यानंतरचे, हे उघड झाले. अशा थरांत एक नेहमीपेक्षा बराच जाड होता. १८९७ च्या पुण्यातील प्लेगात घरे धुऊन त्यांना सक्तीने चुना फासण्याची मोहीम झाली होती आणि ती साथ पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, हे ध्यानात घेता असा जाड, घाईने मारलेला, कोठे ओघळलेला थर पाहिला की मनात त्या भयंकर वर्षांचा विचार आल्याशिवाय राहत नाही. एका कोनाड्याच्या शेजारी, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, चुन्याच्या दोन थरांच्या मध्ये कोळशाने काढलेली मोडी अक्षरे निघाली. धान्याचा हिशेब होता, पायल्यांचा आणि मणांचा. कोणीतरी दप्तर हाताशी नसताना भिंतीवरच टाचण केले, आणि पुढच्या दिवाळीला ते झाकले गेले.

मग आला साच्याचा थर. पत्र्यात कापलेल्या साच्याने उमटविलेले तिरपे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात गुलाबाची एक कळी, दोन पानांसह. ही फुले आपल्या परंपरेतील नव्हेत. गुलाबाची ती जात, चौकटींची ती जाळी, विलायती कागदावरून सरळ उचललेली होती. लोहमार्ग झाल्यावर मुंबईचा माल, हंड्या, झुंबरे, रंगीत काचा, छापील चित्रे, सारे काही तालुक्याच्या गावापर्यंत येऊ लागले, आणि त्याबरोबर मुंबईच्या बंगल्यांतील भिंती कशा दिसतात याची वार्ताही आली. राहुरीच्या रंगाऱ्याने वाळवी न लागणारा कागद तयार केला. त्याचे हे कौशल्य मला मोठे वाटते. कारण साचा भिंतीच्या टोकाशी नेमका बसत नाही हे ओळखून त्याने शेवटच्या रांगेत कळ्या हातानेच काढल्या, आणि त्या हाताने काढलेल्या कळ्या साच्याच्या कळ्यांहून अधिक टवटवीत आहेत.

आणि सर्वांच्या तळाशी, घोटलेल्या गिलाव्यावर, ती फुले होती ज्यांविषयी सासूबाई सांगत. गिलावा गुळगुळीत असल्यामुळे वरच्या चुन्याला त्यावर घट्ट पकड मिळाली नव्हती, आणि पाण्याचा बारीक फवारा देऊन, भिंगातून पाहत, दंतवैद्याच्या हत्याराने हलकेच उचलले की वरचे सारे थर एकत्र पापुद्र्यासारखे सुटत. जेथे कोणी खरवडले असते तेथे खाली काहीच उरले नसते. तसे खरवडल्याचे चिन्ह भिंतभर कोठेही नव्हते.

दिसली ती एक लहरत जाणारी वेल, साधारण वितीएवढ्या रुंदीच्या पट्ट्यात, वर-खाली गेरूच्या दुहेरी रेघांमध्ये बसविलेली. प्रत्येक लहरीत एक उमललेले फूल, एक कळी आणि तीन पाने. येवला आणि पैठण ही पैठणीची दोन्ही गावे येथून फार दूर नाहीत, आणि पैठणीच्या काठावरची असावली ज्याने पाहिली आहे त्याला या वेलीचा वंश सांगावा लागणार नाही. पाने आज निळसर दिसतात. नीळ आणि पिवळा रंग मिसळून ती हिरवी केलेली असणार; त्यातील पिवळा काळाने उडून गेला. तिरप्या उजेडात विजेरी धरली, तेव्हा गेरूच्या रेघेत सुताचा पीळ उमटलेला स्पष्ट दिसला. कावेत भिजविलेली दोरी दोन टोकांना ताणून, मध्ये उचलून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उठते. त्या दोरीच्या पिळाचा ठसा अजून तेथे आहे. फुलांच्या कडेने काजळीचे बारीक ठिपके आढळले. ते खाक्याचे. कागदावर आकृती काढून तिच्या रेघेवर सुईने छिद्रे पाडायची, तो कागद भिंतीला लावून वरून काजळीची पुरचुंडी थोपटायची, म्हणजे ठिपक्यांनी आकृती उतरते. मग कुंचल्याने ती पक्की करायची. एकाच खाक्यावरून सबंध दिवाणखाना भरत नेणारा तो चितारी कोनाड्यापाशी आला आणि तेथे अंतर कमी पडले. त्याने लहर आखडून घेतली, मोठे फूल गाळले आणि त्या जागी खाक्यात नसलेली एक अर्धोन्मीलित कळी काढली, जिच्या देठाचे वळण कोनाड्याच्या महिरपीच्या वळणाला जाऊन मिळते. या एका कळीपाशी मी पुष्कळ वेळ बसलो आहे. ठिपके नसलेल्या त्या जागी केवळ त्या अनाम माणसाची बुद्धी आणि हात आहेत.

पुढे एक निराळेच प्रकरण उघडकीस आले. वेल आखीत आखीत आम्ही दिवाणखान्याच्या आडव्या भिंतीपर्यंत आलो, आणि वेल त्या भिंतीत अर्ध्या फुलावर शिरली. भिंत वाटणीची होती. मागे केव्हा भावाभावांत घर विभागले गेले, तेव्हा दिवाणखान्याच्या मधोमध ती उभारली. पलीकडे चुलतघराण्याचा हिस्सा. रीतसर परवानगी घेऊन आम्ही पलीकडे गेलो आणि त्याच उंचीवर, त्याच ओळंब्यात, फुलाचा उरलेला अर्धा भाग ऑइलपेंटच्या खाली सापडला. वाटणीपत्रात खण, तुळया, दारे, बळदे यांचा तपशीलवार उल्लेख होता, वेलीचा नव्हता. दोन्ही घरची मंडळी त्या दिवशी एकाच खोलीत जमून ते अर्धे फूल पाहत होती. चुलतघरच्या काकांनी दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाखाली एक लावून देण्यास मला सांगितले, आणि ती मी दिली.

सिमेंटविषयी येथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण भित्तिचित्रांचा आजचा सर्वांत मोठा शत्रू तोच आहे, आणि तो हितचिंतकाच्या रूपाने येतो. मातीची भिंत जमिनीतून आणि माळवदातून ओल घेते व चुन्यावाटे ती हवेत सोडून देते. सिमेंटचा गिलावा ही वाट बंद करतो. मग ओल आतल्या आत वर चढत जाते, सिमेंट जेथे संपते तेथे चुन्यातून बाहेर पडू पाहते, आणि बरोबर आणलेले क्षार तेथेच स्फटिकरूपाने सोडते. त्यालाच आपण लोणा म्हणतो. हे स्फटिक वाढताना रंगाच्या थराला आतून ढकलतात आणि तो पिठासारखा गळू लागतो. या वाड्यात कोण्या भाडेकरूच्या काळात कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंट केले होते, आणि त्याच्या लगेच वरचा कावेचा पट्टा तेवढाच पूर्णपणे नाहीसा झालेला होता. आमचे मिस्त्री जुने, अनुभवी, त्यांनी जुन्या गिलाव्याचा तुकडा हातात घेऊन सांगितले, “साहेब, हे आमच्या आज्याच्या वख्ताचं काम हाय. असा चुना मळायला आता बैलबी न्हाईत अन् घाणाबी न्हाई.” तरीही त्यांनीच चुना विझवून, मुरवून, चाळलेल्या वाळूत मळून दुरुस्ती केली. प्रथम पन्हळ मोकळी केली, माळवद नव्याने बांधले, सिमेंटचा पट्टा काढून भिंत वाळू दिली, आणि मगच पोकळ जागी पातळ चुना सुईने भरला.

वेल सबंध उघडावी असा घरातील तरुणांचा आग्रह होता. मी त्याला विरोध केला. उघडलेला रंग धूर, धूळ, हात आणि ऊन यांच्या स्वाधीन होतो, आणि त्याची निगा राखणे राहत्या घराला झेपत नाही. शिवाय वरचा थर काढणे म्हणजे साच्याच्या कळ्या, मोडी हिशेब आणि लग्नातली रुपेरी फुले यांना कायमचा निरोप देणे. म्हणून कोनाड्याच्या भोवतालचा तेवढा भाग उघडा ठेवला आणि बाकीची वेल वरच्या थरांखाली होती तशी राहू दिली. उघडलेल्या भागाचे आणि दोन्ही हिश्श्यांत तपासलेल्या ठिकाणांचे मूळ मापाचे रेखन करून त्याच्या प्रती दोन्ही घरांना दिल्या.

ते रेखन झाले हे बरे झाले. चुलतघरच्या हिश्श्याची पुढे विक्री झाली, आणि आज त्या जागी दुकानांचे गाळे आहेत. १९६० च्या राज्याच्या कायद्याने संरक्षित ठरलेली स्मारके यादीत असतात. राहते वाडे सहसा त्या यादीत नसतात, आणि प्रत्येक वाडा तेथे जावा अशी अपेक्षाही मी करीत नाही. माणसांना राहण्यास चांगली घरे हवीत, आणि वारसांना आपल्या हिश्श्याचे काय करावे हे ठरविण्याचा हक्क आहे. परंतु पाडण्यापूर्वी पाहावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या चुन्याची भिंत असेल, तर त्यांना माझी विनंती आहे. रात्री दिवे मालवून विजेरी भिंतीच्या अगदी कडेला, जवळजवळ समांतर धरा. चुन्याखाली रेघ, काठ किंवा फुलाचा उठाव असेल तर तो बहुधा दिसतो. दिसल्यास स्वतः खरवडू नका. मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्र घ्या, भिंत कोणत्या दालनाची, कोणत्या दिशेची, जमिनीपासून नक्षी किती उंचीवर, हे कागदावर लिहून ठेवा, आणि घरातील वृद्ध स्त्रियांना त्या भिंतीविषयी काय ठाऊक आहे ते आजच विचारून घ्या. मग नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात, पुरातत्त्व खात्यात किंवा या कामातील कोणा जाणकाराकडे ती नोंद दाखवा. आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत मिस्त्रीला सिमेंटचे पोते उघडू देऊ नका.